मागच्या भिंतीजवळचं तरट

अप्पा, तुम्ही गेल्याचं मला भालकीच्या बाजारात मिरच्या निवडताना कळलं. तुमचा मेहकरचा शेजारी मल्लप्पा समोरून आला आणि म्हणाला, "मास्तर, शिवलिंगप्पा मास्तर लिंगैक्य झाले की. आठ दिस झाले. तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं तुमच्या घरात कुणाला वाटलं नसणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी निवडलेल्या मिरच्या पिशवीत भरल्या, घरी आलो, पिशवी खुंटीला लावली आणि तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो. बायकोनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून. काय सांगणार? गेली दोन वर्षं तुमचं नाव मी घरात काढलं नव्हतं.

तुमच्या नोकरीची हकिगत लिहायला मी बसलेलो नाही. ती कचेरीच्या दप्तरात आहे, आणि तिच्यातला सगळ्यात वाईट कागद माझ्या अक्षरात आहे. मला तुमच्याशी बोलायचंय. समोरासमोर बोलायची वेळ होती तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि आता तुम्ही ऐकायला नाही म्हणून हा शहाणा लेखणी घेऊन बसलाय. हसा खुशाल.

पहिला दिवस आठवतो? मला महिन्यातले काही दिवस आसपासच्या खेड्यांतल्या शाळांत जायचा हुकूम नुकताच मिळाला होता. शाळा तपासायला नाझिरसाहेब होतेच. माझं काम तपासायचं नव्हतं. मास्तरांजवळ बसायचं, त्यांचं शिकवणं बघायचं, अडेल तिथं हात द्यायचा. लोकांनी मला फिरता मास्तर असं नाव ठेवलं. हैदराबादेत ट्रेनिंग घेऊन आलेलो, डोक्यात नव्या पद्धती, पायात नवे बूट. मेहकरला पोचलो तर शाळेच्या बाहेरूनच दोन टाळ्या ऐकू आल्या, आणि लगेच चाळीस पोरं एका सुरात ओरडायला लागली, "अगर तीन मज़दूर एक दीवार बारह दिन में बनाएँ, तो चार मज़दूर..." आत गेलो तर पाटलाच्या घरची खुर्ची आधीच मांडलेली. तुम्ही हात जोडून उभे, कपाळावर भस्माचे पट्टे, चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही. पोरांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

मी म्हणालो, "अप्पा, मला खुर्ची नको. मी पोरांत बसतो." तुम्ही म्हणालात, "तसं कसं साहेब. खुर्ची पाटलाकडनं आणलीया. परत कशी धाडू?" मग मी खुर्चीत बसलो आणि माझी सगळी नवी पद्धत तिथंच संपली.

शाळा सुटल्यावर मी पढवलेला प्रश्न विचारला, "आजच्या शिकवण्याबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटलं?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी तुमची खोडी काढतोय. म्हणालात, "मला काय वाटायचंय? किती कमी पडलं ते तुमी लिवा, मी अंगठा करतो." तुम्हाला तीन भाषा लिहिता येत होत्या आणि तुम्ही अंगठा म्हणालात. ते मला लागलं. तेव्हा मी तुम्हाला शब्द दिला. म्हणालो, "तुमच्या वर्गात जे बघीन ते वर्गातच राहील. तुमच्याबद्दल एक वाईट अक्षर माझ्या हातून कागदावर येणार नाही." तुम्ही तपकिरीची डबी काढलीत आणि चिमूट घेतलीत.

दुसऱ्या खेपेला खुर्ची होतीच, पण मी तिच्यात बसलो नाही, मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, आज मी शिकवतो, तुम्ही मागं बसा आणि माझ्या चुका काढा. तुम्हाला ते पटलं नाही, पण गंमत वाटली. मी तास घेतला. फळ्यावर सुंदर आकृती काढली. तास संपल्यावर तुम्ही अगदी गंभीर तोंड करून म्हणालात, "मास्तर, एक इचारू? तुमीच सवाल टाकायलाव, तुमीच जवाब द्यायलाव. पोरांनी तोंड कवा उघडावं?"

असं मला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तुमची युक्ती मी त्याच दिवशी ओळखली. प्रश्न विचारला की तुम्ही तपकिरीची डबी काढायचात. झाकण उघडायचं, बोटानं टिचकी मारायची, चिमूट घ्यायची, ओढायची, उपरण्यानं नाक पुसायचं. तेवढ्या वेळात वर्गातला सगळ्यात मंद पोरगासुद्धा विचार करून बसायचा. मी तपकीर ओढत नाही, म्हणून मी चष्मा पुसायला लागलो. आजही प्रश्न विचारला की चष्मा काढतो. भालकीच्या पोरांना वाटतं मास्तरांना दिसत नाही.

त्या दिवसानंतर खुर्ची येईनाशी झाली. एकदा आलो तर मागच्या भिंतीजवळ गोणपाटाचं एक तरट घडी घालून ठेवलेलं. तुम्ही म्हणालात, "हे तुमचं. जमीन गार असतीया." बास, एवढंच. माझ्या नोकरीत मला जे काही मिळालं त्यात त्या तरटाएवढं मोलाचं दुसरं काही नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसतं बरं म्हणालो आणि बसलो.

आणि मग ती खेप, जेव्हा टाळी वाजली नाही.

मी दारात आलो तेव्हा तुमचा वर्ग चालू होता, आणि तुम्ही थांबला नाहीत. पुस्तक मिटलेलं होतं. तुम्ही मराठीत विचारत होतात, "तुमच्या शेतातलं जोंधळं काढाया तीन माणसांस्नी बारा दिस लागतेत. अजून एक माणूस आला, तर लवकर व्हईल का उशीर?" मग तेच कन्नडात, डाव्या बाजूला बसलेल्या पोरांसाठी. मग तपकिरीची डबी. शेवटी मागून एक पोरगी म्हणाली, "लवकर व्हईल. पर आमचा चुलता आला तर उशीरच. त्यो नुसता बोलत बसतोय." सगळा वर्ग हसला, तुम्ही शिंकत हसलात, मी तरटावर हसलो. त्यानंतर तुम्ही पुस्तक उघडलंत आणि तेच मजूर, तीच भिंत उर्दूत वाचायला लावलीत. आता ते वाक्य पोरं ओरडत नव्हती, वाचत होती. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. पहिल्या दिवशी याच पोरांनी मला छाती फुगवून सोळा सांगितलं होतं.

तेव्हा मला कळलं की त्या दोन टाळ्या कशासाठी होत्या. सरकारी हुकूम होता उर्दूतूनच शिकवायचा, पोरांच्या बोलीतून नाही. कुणी परकं दिसलं की टाळी, पुस्तक उघड, ओरडा. आणि त्या दिवशी मी दारात उभा असताना तुम्ही हात हलवला नव्हता.

त्यानंतरचं आपलं भांडण तुम्हाला आठवत असेल. शाळेमागच्या लिंबाखाली बसून आपण ते किती महिने घातलं! मी म्हणायचो, अप्पा, हे वर कळलं पाहिजे. दहा गावांतली पोरं पोपटासारखी ओरडतायत आणि इथं एक माणूस शिकवतोय, ते कुणाला माहीतच नाही. तुम्ही म्हणायचात, "मास्तर, वरच्यांना चांगलं बी कळू नये आन् वाईट बी. चांगलं कळलं की ते बघाया येतेत. बघाया आले की मोजाया लागतेत." मी म्हणायचो, ही भित्रेपणाची गोष्ट झाली. तुम्ही म्हणायचात, "व्हय, मी भित्राच हाय. म्हणून तर एवढी वर्सं शिकवाया मिळालं." मला वाटायचं मीच बरोबर आहे. मी तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होतो, आणि ट्रेनिंगमध्ये पहिला आलो होतो.

मग वरून विचारणा आली की कोणत्या शाळेत चांगली पद्धत दिसली ते फिरत्या मास्तरांनी कळवावं. अप्पा, मी रात्रंदिवस विचार वगैरे काही केला नाही. एका सकाळी चहा पिऊन बसलो आणि लिहिलं. सुंदर लिहिलं. मेहकरचे मास्तर आधी मुलांच्या घरच्या बोलीत समजावतात, मग पुस्तकाकडं नेतात, हिशेबात मुलं फार पुढं गेली आहेत, इतर शाळांनी हे बघून यावं. तुमचं नाव घातलं, पूर्ण. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, इतका मी स्वतःवर खूश होतो. शब्द मोडतोय असं वाटलंच नाही. वाईट अक्षर लिहिणार नाही असा शब्द दिला होता, आणि यात तर वाईट एक अक्षर नव्हतं.

पुढच्या महिन्यात तुमच्या बदलीचा हुकूम आला. औरादच्या पलीकडं, तेलुगू मुलखात, जिथं तुमची मराठीही चालत नव्हती आणि कन्नडही. हुकमाचं उल्लंघन करून देशी बोलीतून शिकवल्याबद्दल, असं त्यात लिहिलेलं. पुरावा म्हणून मी लिहिलेली तीच कैफियत जोडली होती.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. तुमच्यासाठी रदबदली केली आणि जमलं नाही, असं मी तेव्हा मल्लप्पाकरवी कळवलं होतं. मी नाझिरसाहेबांकडं गेलो होतो हे खरं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "आप ही ने तो लिखा है, मास्टर साहब. और तारीफ़ में लिखा है." मी म्हणालो, माझा हेतू तसा नव्हता. मग त्यांनी एक कोरा कागद आणि दौत माझ्याकडं सरकवली. हळू आवाजात म्हणाले, "लिख दीजिए कि आप से समझने में ग़लती हुई. आप ने जो देखा, वो वैसा नहीं था. मैं बात रोक दूँगा."

एवढंच होतं, अप्पा. एक ओळ. मी लेखणी उचलली. मग ते, तितक्याच चांगुलपणानं, पुढं म्हणाले, की मग आपको इस काम पर रखना ज़रा मुश्किल होगा, कारण न समजता लिहिणाऱ्या माणसाला शाळांतून फिरवता येत नाही. मी लेखणी दौतीत बुडवली, काढली, पुन्हा बुडवली. घरात तेव्हा धाकटी दोन महिन्यांची होती, असं मी स्वतःला नंतर सांगत आलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला धाकटी आठवली नाही. मला माझं नाव आठवलं. मूर्ख फिरता मास्तर, ज्याला बघितलेलं कळत नाही. ते मला सोसवलं नाही. चहा संपवला आणि मी उठलो.

तुमच्या नव्या गावी मी त्यानंतर चार महिन्यांनी आलो. वाटेत वाक्यं पाठ करत होतो. शाळेजवळ आलो तर आतून तुमचा आवाज, मोडक्यातोडक्या तेलुगूत. तुम्ही एक शब्द म्हणायचात, पोरं हसून दुरुस्त करायची, तुम्ही पुन्हा म्हणायचात. तुम्ही पोरांकडून त्यांची भाषा शिकत होतात, म्हणजे पुन्हा तेच करत होतात, ज्यासाठी तुम्हाला तिथं टाकलं होतं. मला इतका आनंद झाला की मी धावलोच. माझी सावली दारात पडली.

दोन टाळ्या.

पोरांनी पुस्तकं उघडली आणि ओरडायला लागली. तुम्ही कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलून आणलीत, उपरण्यानं पुसलीत, आणि हात जोडून उभे राहिलात. म्हणालात, "बसा साहेब." मी म्हणालो, "अप्पा..." तुम्ही म्हणालात, "काही सूचना असतील तर शाळा सुटल्यावर सांगा. पोरांचं नुकसान व्हायलंय." शाळा सुटेपर्यंत मी त्या खुर्चीत बसलो. सुटल्यावर तुम्ही विचारलंत, लिहून घेऊ का. मी म्हणालो, सूचना नाहीत. तुम्ही एकटेच राहत होतात, चुलीवर भाकरी थापत होतात, एक मला वाढलीत. जेवताना आपण पावसाबद्दल बोललो. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी सगळं सांगितलं असतं, असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही.

काल मी मेहकरला गेलो. तुमच्या घरी अक्का अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला, पाणी आणलं. म्हणाल्या, "ह्यांनी तुमाला कवाच वाईट बोललं न्हाई, मास्तर." मला थोडं बरं वाटायला लागलं होतं, तोच त्या म्हणाल्या, "चांगलं बी न्हाई. नावच काढलं न्हाई. आधी मात्र उठता बसता मास्तर, मास्तर. भाकरी खाताना बी मास्तर काय म्हणले ते सांगायचे." त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते तिकडं एकटेच पडले, तापानं. आमास्नी उशिरा कळलं. मी रोज इचार करायलीय. तुमच्या हातात त्या वेळी काही न्हवतं, व्हय ना मास्तर? असतं तर तुमी केलंच असतं की."

त्यांना माझ्याकडून तेवढंच हवं होतं. नवऱ्याचा एक तरी माणूस खरा होता, एवढं. मी सांगायला आलो होतो, अप्पा, तुमची शपथ. त्या कोऱ्या कागदाचं सगळं जिभेवर होतं.

मी म्हणालो, "न्हाई अक्का, काहीच हातात न्हवतं."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सूप उचललं. मी उठलो. तुमच्याशी एकदा खोटं वागलो होतो, आता तुमच्या मागं तुमच्या घरातही वागलो. यापुढं ते खरं करायला जागाच उरली नाही, कारण आता सांगितलं तर अक्कांकडं जे थोडं राहिलंय तेही मी काढून घेईन.

परत निघताना शाळेवरून गेलो. माझ्या फेरीत मेहकर अजून आहे, पण तुमची बदली झाल्यापासून कसली ना कसली सबब काढून मी तिथं जायचं टाळत आलो होतो. आताचा नवा मास्तर भालकीकडचाच, कोवळा पोरगा, आल्याला महिनाही झाला नसेल. बाहेरून ऐकलं. तो बिचारा फळ्यासमोर उभा राहून अडखळत मराठीत काहीतरी समजावत होता, आणि पोरं त्याला मदत करत होती. मी मुद्दाम बूट काढले. दारात उभा राहिलो. जमलं तर मागच्या भिंतीला जाऊन बसावं, एवढंच मनात होतं. तरट असेल का, तेही बघत होतो.

पहिल्या रांगेतल्या पोरांनी मला बघितलं. ती तुमची पोरं, मी पहिल्यांदा आलो तेव्हा पहिलीत होती, आता चौथीत. दोन टाळ्या वाजल्या. त्या कुणी वाजवल्या ते दिसलं नाही, पण मास्तरानं वाजवल्या नव्हत्या, तो बावरून इकडंतिकडं बघत होता. त्याला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. पोरांना होतं. चाळीस पुस्तकं एकदम उघडली, चाळीस माना खाली गेल्या, आणि ओरडा सुरू झाला, अगर तीन मज़दूर एक दीवार. एक पोरगी उठली, कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.

मी खुर्चीत बसलो, अप्पा. शाळा सुटेपर्यंत बसलो.